भुकेला कोंढा, निजेला बहरीन

आमच्या गावाचं नाव परगावचा माणूस हमखास चुकवतो. तो 'कोंडा' लिहितो. मी पस्तीस वर्षं मास्तरकी केली, त्यामुळे अशा माणसाला थांबवून सांगतो, बाबा रे, आमच्या नावात 'ढ' आहे, तेवढा राहू दे. भंडारा–पवनी रस्त्यावरचं, पवनी तालुक्यातलं हे गाव. शेजारच्या कोसऱ्यासकट आम्हाला 'कोंढा-कोसरा' असं जोडनाव आहे. जिल्हा धानाचा, म्हणजे कोंड्यालाही तोटा नाही. भुकेला कोंडा आणि निजेला धोंडा ही म्हण आमच्याच शिवारात जन्मली असा माझा दावा आहे. त्याला पुरावा नाही, पण हल्ली दाव्याला पुरावा मागण्याची पद्धतही राहिलेली नाही.

तर यंदा दिवाळीला माझा पुतण्या बहरीनहून आला. बॅगेत टँगची पाकिटं, टायगर बाम, निडोचा डबा आणि एक अत्तराची बाटली. आखातातून कुणीही आलं तरी बॅग उघडल्यावर वस्तू त्याच निघतात. मला बाम मिळाला. माझं काय काय दुखतं याचा अंदाज तिकडच्या दुकानदारालाही आहे म्हणायचा.

पण या खेपेला त्यानं एक नवी वस्तू आणली होती, तो शब्द होता. "मोठबा, मी आता एक्स्पॅट आहो."

माझ्या बायकोला वाटलं, नोकरीत बढती मिळाली. तिनं देवापुढे साखर ठेवली.

पुतण्यानं नागपुरात हॉटेल मॅनेजमेंटचा डिप्लोमा केला आणि तो मनामाच्या अदलिया नावाच्या भागात एका रेस्टॉरंटात लागला. अदलिया म्हणजे मनामाची कलानगरी आणि रात्रनगरी, दोन्ही एकाच आवारात. जुन्या घरांचे कॅफे झाले, गल्ल्यांतल्या भिंतींवर चित्रं आली, गॅलऱ्या उघडल्या, आणि चित्र पाहून दमलेल्या माणसाला बसायला चारी बाजूंनी खानावळी. या तुकड्याला तिकडे 'ब्लॉक ३३८' म्हणतात.

हे सगळं तो बसस्टॉपजवळच्या पानठेल्यावर सांगत होता. ठेलेवाला पन्नीत सुपारी, तंबाखू आणि चुना टाकून पाटीवर खर्रा घोटत होता. 'ब्लॉक ३३८' ऐकताच त्याचा हात थांबला.

"म्हंजे तीनशे अडतीस गट्टू बसवले का गा?"

यात हसण्यासारखं काही नाही. आमच्या भागात ब्लॉक म्हणजे रस्त्यावर बसवायचा गट्टूच. विकास आला हे आम्हाला गट्टूवरून कळतं. आधी मातीचा रस्ता असतो, मग सिमेंटचा होतो, मग सिमेंट उकरून गट्टू बसतात, मग नळाची पाइपलाइन टाकायला गट्टू उखडतात, आणि उखडलेले गट्टू कुणाच्या तरी गोठ्यात जाऊन बसतात. म्हणून ठेल्यावर एकानं लगेच हिशेब मांडला: तीनशे अडतीस गट्टूंत समाजमंदिरापासून हनुमानाच्या पारापर्यंतही जाता येत नाही, मग एवढ्याशा जागेत कलानगरी बसवली कशी? पुतण्या म्हणाला, तो पत्ता आहे, गट्टू नाही. तिकडे वस्त्यांना नंबर असतात. "मग नाव कायले नाई देत?" याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. आमच्याकडे उलटा प्रकार. नावं इतकी की एका चौकाला तीन, आणि चौक एकही नाही.

बहरीनबद्दल मी मग थोडं वाचलं. मास्तरकी सुटली तरी तपासायची खोड सुटत नाही. देश म्हणायचा तर क्षेत्रफळ आठशे चौरस किलोमीटरही नाही, आमच्या भंडारा जिल्ह्यात चार-पाच बहरीन आरामात बसतील. लोकसंख्या पंधरा लाखांच्या आसपास. २०११ च्या जनगणनेत आमचा जिल्हा बारा लाखांचा होता, तेव्हा माणसांच्या बाबतीत आम्ही फार मागे नाही. फरक असा की तिथल्या पंधरा लाखांतले निम्म्याहून जास्त बाहेरचे आहेत, आणि त्यांत तीन लाखांवर एकटे भारतीय. आमच्याकडे बाहेरचे येत नाहीत, आमचेच बाहेर जातात. तिकडे तेल १९३२ साली लागलं. आमच्याकडे १९८८ साली गोसीखुर्द धरणाचा पाया रचला आणि आम्ही अजून कालव्याकडे तोंड करून बसलेले आहोत. तेलापेक्षा पाणी काढायला जास्त वेळ लागतो, असा माझा निष्कर्ष.

आता 'एक्स्पॅट'. या शब्दाची उकल करायला मला दोन संध्याकाळी लागल्या. जो माणूस आपला देश सोडून दुसऱ्या देशात कमवायला जातो तो एक्स्पॅट, असं पुतण्या म्हणाला. ठीक. मग फाल्गुनात आमच्या झाडीपट्टीतल्या बाया टेम्पो भरभरून तेलंगणात मिरची तोडायला जातात, त्या कोण? "त्या मजूर." सुरतेला, हैदराबादला गेलेले? "ते बाहेरगावी." आणि बहरीनमध्ये तुझ्या सोबत भांडी घासणारा तो नेपाळी? जरा थांबून म्हणाला, "तो लेबर." आणि बँकेत साहेब असलेला गोरा? "तो एक्स्पॅट." आणि तो गोरा तुला काय म्हणतो? यावर तो चहा पिऊ लागला.

म्हणजे हा शब्द शिडीसारखा आहे. ज्या पायरीवर आपण उभे त्याच्या खालचा लेबर, आपण एक्स्पॅट, आणि वरच्याला आपण दिसतच नाही. आमच्याकडे ही शिडी फार जुनी आहे. आम्ही तिला दुसरं नाव दिलं होतं आणि त्या नावाचा दाखला तहसीलमधून मिळतो.

पुतण्याचा पत्ता अदलिया नाही बरं का. अदलिया त्याच्या कामाचा पत्ता. राहतो तो गुदैबियात, एका खोलीत आठ जण. या राहण्याला तिकडे 'बेडस्पेस' म्हणतात. खोली भाड्याने मिळत नाही, पलंगाएवढी जागा मिळते. त्यातही याची रात्रपाळी आणि वरच्या पलंगावरच्याची दिवसपाळी, त्यामुळे एक घोरू लागला की दुसरा उठतो. दुपारी झोपायचं म्हणून पलंगाला चादरीचा पडदा. मी विचारलं, झोप येते का? म्हणाला, "सवय झाली. सुटीच्या दिवशी रातच्यान झोप येत नाई." इथे आल्यापासून तो रात्री अंगणात फेऱ्या मारत होता आणि कुत्री त्याच्यावर भुंकत होती. कुत्र्यांना एक्स्पॅट कळत नाही.

अदलियाची रात्र सुरू होते गुरुवारी. तिकडे शुक्रवार-शनिवार सुटी, म्हणून गुरुवारची संध्याकाळ ही आमच्या शनिवारसारखी. त्या संध्याकाळी सौदीकडून पुलावर गाड्यांची रांग लागते. १९८६ साली झालेला, पंचवीस किलोमीटर लांबीचा किंग फहद पूल. अलीकडे दारूबंदी, पलीकडे अदलिया. पुतण्याला वाटलं, हे ऐकून मी थक्क होईन. मला काय थक्क करतोस बाबा! गडचिरोलीत १९९३ पासून दारूबंदी आहे आणि आमच्या लाखांदूर तालुक्याची हद्द तिथल्या वडशाला भिडते. मध्यंतरी, २०१५ पासून २०२१ पर्यंत, चंद्रपूरही कोरडं होतं. त्या सहा वर्षांत पवनीच्या बाजूने कुणाची पावलं कुठे वळत होती ते आम्ही सगळ्यांनी पाहिलेलं आहे. फरक एवढाच की सौदीच्या राजानं पूल बांधून सोय केली, आमच्या लोकांनी डोंग्यात बसून, नदी उतरून, धुऱ्याधुऱ्याने, पूर्ण स्वावलंबनाने केली. सीमा ओलांडून नाइटलाइफ करण्याची कल्पना आमची आहे. पेटंट घ्यायचं राहिलं.

बरं, नाइटलाइफ म्हणजे तू नेमकं काय करतोस? तर संध्याकाळी पाचला उभा राहतो आणि रात्री दोनला बसतो. मधल्या नऊ तासांत ट्रे. कुठल्या टेबलावर वाढदिवस आहे, कुठे भांडण होणार आहे, कोण बिल दुसऱ्याकडे सरकवणार आहे, हे त्याला लांबून कळतं. एका दिनाराचे आपले दोनशेच्या वर रुपये धरा. तो सांगत होता की अर्ध्या खाल्लेल्या ताटाकडे पाहून त्याच्या डोक्यात रुपये आपोआप पडतात, टॅक्सीच्या मीटरसारखे. भात उरला तर जास्त लागतं. धानवाल्याचा पोरगा आहे. तिथे आपल्या मराठी मंडळींची महाराष्ट्र कल्चरल सोसायटी आहे, गणपती बसतो, कार्यक्रम होतात. याला जमत नाही. ज्या दिवशी लोकांना सुटी असते त्याच दिवशी याला डबल ड्यूटी असते.

कलेशी त्याचा संबंध एकदाच आला. रेस्टॉरंटाला शेजारच्या गॅलरीच्या उद्घाटनाची ऑर्डर होती. हा घासाघासाएवढे पदार्थ ट्रेमध्ये मांडून आत गेला, तर छतापासून जमिनीपर्यंत बारदाना टांगलेला. जुना, ठिगळं लावलेला, शाईचे शिक्के मारलेला बारदाना. लोक हातात ग्लास धरून समोर उभे आणि माना वाकड्या करून पाहतायत. याला पहिल्यांदा वाटलं, गोदाम रिकामं करायचं राहिलं. मग कळलं, हीच कला.

हे ठेल्यावर सांगितलं तेव्हा पहिल्यांदाच सगळे गप्प झाले. कारण बारदाना हा आमच्याकडे थट्टेचा विषय नाही. दिवाळीनंतर धान कापून, चुरून, वाळवून खरेदी केंद्रावर न्यावं, तर दर एक-दोन वर्षांनी तेच उत्तर: बारदाना संपला, पुढच्या आठवड्यात या. धान उघड्यावर, वरून अवकाळी पाऊस, आणि सरकारी हमीभाव कागदावर कोरडा. इतकी वर्षं आम्ही आमदाराला, खासदाराला, कलकत्त्याच्या ज्यूट गिरण्यांना शिव्या घातल्या. बारदाना कुठे जातो ते आता कळलं. घानाचा इब्राहिम महामा नावाचा कलाकार तर जुनी पोती शिवून अख्ख्या इमारती झाकतो. २०१५ साली व्हेनिसच्या बिएनालेत त्यानं पोत्यांच्या भिंती उभ्या केल्या आणि जगानं टाळ्या वाजवल्या. आमच्यातल्या एका शेतकऱ्यानं शांतपणे विचारलं, "त्या पोत्यात चाळीस किलो माल मावते का?" माझ्या मते त्या प्रदर्शनावरचा हा सर्वांत नेमका अभिप्राय आहे.

मग ठेल्यावर ठरलं की कोंढ्यातही कला आणि रात्रजीवनाचा ब्लॉक व्हावा. पैसा कुठल्या शीर्षाखाली आणायचा यावर तासभर चर्चा झाली. कलेसाठी शीर्ष सापडेना. रात्रीसाठी एकच सापडलं, हायमास्ट. तेव्हा सध्या हायमास्ट मागावा, रात्र आपोआप खाली येईल, असं ठरलं.

रात्रजीवनाला वस्तुतः आमच्याकडे सरकारी आश्रय आहेच. शेतीपंपाला आठवड्यातले काही दिवस वीज रात्री मिळते. मग शेतकरी कांबळं पांघरून, हातात बॅटरी घेऊन, रात्री बाराला पंप सुरू करायला निघतो. त्याला ड्रेस कोड आहे, गमबूट. संगीत आहे, बेडकांचं. आणि सोबतीला उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यातले वाघ. अदलियात माणसं लाखो खर्चून रात्री थरार शोधतात. आमच्याकडे तो बांधावर फुकट मिळतो. याच जंगलात 'शोले'तल्या नायकाच्या नावाचा जय वाघ होता. नागझिऱ्याहून शंभरावर किलोमीटर चालत २०१३ च्या सुमारास आला, इथे नाव कमावलं, गळ्यात रेडिओ कॉलर मिळाली, पर्यटक आले, रिसॉर्ट आले. एप्रिल २०१६ मध्ये तो नाहीसा झाला, तो आजतागायत सापडला नाही. आमच्या भागातला सर्वांत प्रसिद्ध एक्स्पॅट तोच. त्याच्या गळ्यात पट्टा होता आणि तो नेमका गरज पडली तेव्हा चालला नाही. पुतण्याचा पट्टा गळ्यात नाही, खिशात आहे. सीपीआर कार्ड म्हणतात त्याला, तिकडचं ओळखपत्र.

पण खरं सांगायचं तर हे सगळं मी मंडईसाठी लिहितो आहे.

मंडई म्हणजे भाजीबाजार नव्हे, हे पुण्या-मुंबईच्या वाचकांना दरवर्षी सांगावं लागतं. भाऊबीज झाली की आमच्या पट्ट्यात गावोगाव मंडई भरते. आज या गावची, उद्या त्या गावची. गोवारी मंडळी ढाल घेऊन वाजतगाजत येतात. सिंगाडे उकडलेले, ऊस, जिलबी, पाळणे, बांगड्या. लेकी माहेरी येतात, सोयरे मुक्कामाला येतात, आणि लग्नाच्या पोरापोरींची नजरानजर जिलबीच्या कढईआडून होते. लग्न जुळवायच्या वेबसाइट आल्या, पण जिलबीचा वास त्यांना अजून देता आलेला नाही. आणि रात्री नाटक, नाहीतर दंडार, नाहीतर खडी गंमत.

झाडीपट्टीच्या नाटकाला वडसा हे मुख्य ठाणं. दिवाळीपासून होळीपर्यंत तिथल्या कंपन्या रोज रात्री वेगळ्या गावी असतात. रात्री दहाला सुरू होतं, पहाटे चारच्या पुढे संपतं. मुंबईचं नाटक अडीच तासांत आटोपतं कारण लोकांना शेवटची लोकल पकडायची असते. आमच्याकडे पहिली एसटी पकडायची असते, म्हणून नाटक सकाळपर्यंत न्यावं लागतं. नाटकाच्या नावात कुंकू, सासर, गरिबी किंवा अंगार यांपैकी काहीतरी हवंच. नायक मरता मरता गाणं म्हणतो आणि लोकांनी 'वन्स मोअर' दिला तर उठून पुन्हा मरतो. या रंगभूमीवर पाच हजारांच्या घरात प्रयोग केलेल्या परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली, तेव्हा दिल्लीला कळलं की इथेही काही चालतं. आम्हाला ते माहीत होतं, आम्ही दरवर्षी तिकीट काढत होतो.

पुतण्याला मी यंदा खुर्चीचं तिकीट काढून दिलं. स्वतः खाली तणसावर बसलो. या वयात खुर्चीवरून पडण्यापेक्षा ते बरं. दुसऱ्या अंकाच्या सुमारास, नायिका आपल्या बाळाला सावकाराच्या दारात ठेवून ऑर्गनच्या सुरावर रडत होती आणि मंडपातल्या निम्म्या बाया तिच्या आधी रडून मोकळ्या झाल्या होत्या. पुढच्या रांगेतल्या एका पाहुण्यानं चहावाल्यासाठी हात वर केला. बोटं वाजवली नाहीत, नुसता हात. मी पाहिलं, माझा पुतण्या खुर्चीतून उठून उभा राहिला. पाठ ताठ, डावा हात मागे. दोन पावलं पुढेही टाकली. मग कुणीतरी मागून ओरडलं, "खाली बस ना गा, दिसून नाई रायलं!" तेव्हा त्याच्या लक्षात आलं आणि तो बसला. चहा त्याला प्यायचा नव्हता, तरी त्यानं मागवला आणि पैसे देताना चहावाल्याच्या पोराला दहा रुपये जास्त दिले. पोरानं ते परत केले. त्याला वाटलं, मोजण्यात चूक झाली.

नाटक सुटल्यावर मी मंडपाच्या मागे गेलो. आमच्या शाळेतलाच एक विद्यार्थी कंपनीत तबल्यावर असतो. नायिका गाडीच्या मागच्या सीटवर, तोंडाचा रंग अर्धा पुसून, पाय पोटाशी घेऊन झोपली होती. नागपूरची आहे म्हणाले. शंभरेक किलोमीटर मागे घर, रात्री इथे, उद्या लाखांदूरकडे, परवा अर्जुनी मोरगावकडे. पाळणेवाला उत्तर प्रदेशचा, तो पाळण्याखालीच ताडपत्री टाकून पडला होता. पुतण्या त्या गाडीपाशी बराच वेळ उभा होता. मला म्हणाला, "हिले रात्रीच्या जेवणाचं कोन पाहते?" मी म्हटलं, गावकरी. "मग बरं आहे." एवढंच.

तो गेल्या बुधवारी परत गेला. गुरुवारची ड्यूटी चुकवता येत नाही. बॅगेत त्याच्या आईनं लाखोळीची डाळ, अनारसे आणि पाच किलो नवा तांदूळ घातला. विमानतळावर वजन जास्त भरलं म्हणून तांदूळ नागपुरातच एका मित्राकडे राहिला. हायमास्टचा अर्ज अजून ठेल्यावर सह्या गोळा करतो आहे. ब्लॉकला नंबर कोणता द्यायचा यावर एकमत झालेलं नाही.

पुढच्या मंडईला यायचं असेल तर या. भंडाऱ्याहून पवनीची कुठलीही एसटी धरा. खुर्ची मिळाली नाही तर तणस गावाचं आहे, पण पांघरायला घरून आणा. पहाटे तीननंतर फार थंडी पडते.